पहिली वीत

माणसं मोजायची मला खोड आहे. केंदूरला आणि आसपासच्या गावांना मी बावीस वर्षं विहिरी पाडून दिल्या, मुकादम म्हणून. हजेरीच्या वहीत कोण आलं आणि कोण नाही, एवढंच लिहायचं असतं. पण वहीच्या शेवटच्या पानावर मी माणसागणिक एकेक ओळ लिहून ठेवायचो. पोपट, यारीवाला : बोलणं दीड माणसाचं, काम पाऊण माणसाचं. हौसराव, विहिरीचा मालक : चहा दोनदा विचारतो, एकदा देतो. स्वतःबद्दलही एक ओळ होती. मच्छिंद्र : हिशेबाला पक्का. ती मीच लिहिलेली, त्यामुळं तपासायला कोणी नव्हतं.

खंडू ओव्हाळच्या नावापुढं लिहिलं होतं : काम दोन माणसांचं, बोलणं पाव माणसाचं.

खंडू आमचा सुरुंगवाला. खाली कातळ लागला की कॉम्प्रेसरनं भोकं पाडायची, खंडूनं त्यात दारू ठासायची, प्रत्येक भोकाला वात लावायची. मग बाकी सगळे वर. खंडू एकटा खाली. एकेक वात पेटवायची, यारीच्या बादलीत बसायचं, पोपटानं इंजिनावर बादली वर ओढायची, आणि खंडू बाभळीमागं येऊन बसला की मग खाली धडाड. वात किती लांब कापायची ते तो वितीनं मोजायचा. टेप नाही, घड्याळ नाही. त्याची एक रीत होती. वातीचं नवं वेटोळं आलं की त्याची पहिली वीत कापायची, कातळावर ठेवून पेटवायची, आणि ती जळून संपेस्तोवर उकिडवं बसून ओठ हलवत राहायचं. दर वेटोळ्याला एक वीत. चुकायचं नाही.

पोपट असल्या संधी सोडत नसे.

"खंडूआबा, बुद्धाला वातीचा निवद दावताय व्हय?"

"बुद्धाला काय लागत न्हाई," खंडू म्हणायचा. "ह्यो निवद माझ्या टाळक्याला हाय."

बाकीचे हसायचे. मीही हसायचो, आणि मनात टिपायचो : दर वेटोळ्यामागं एक वीत वाया.

खंडूची मुलगी माया तेव्हा नववीत होती. अठ्ठ्याण्णव साल. रविवारी ती बापाची भाकरी घेऊन कामावर यायची आणि आमचं जेवण होईतो बाभळीखाली वही उघडून बसायची. मुलगी बापाच्या उलटी. बोलायला लागली की पोपटालाही घाम फुटायचा.

"काय चाललंय, मास्तरीणबाई?" मी एकदा विचारलं.

"चलन, आप्पा. एक गोष्ट बदलली की तिच्या मागं दुसरी कशी बदलती, त्याचं गणित. आबांची वात लांब, तर जळायला येळ जास्त. हे समचलन. इहिरीवर माणसं जास्त, तर दिवस कमी. हे व्यस्त."

"आमाला ठाऊक हाय की हे. ह्यात शिकायचं काय?"

"दोन्हीत एक आकडा तसाच ऱ्हातो. समचलनात भागून काढायचा, व्यस्तात गुणून. त्याला के म्हंत्यात. आधी के काढायचा. के हाताला लागला की पुढचं कुठलं बी गणित सुटतं."

मी भाकरीचा तुकडा हातातच धरून थांबलो. हिशेब म्हटला की मला राहवत नाही.

"बरं. पाच माणसं, साठ दिवस. एक इहीर. तुझा के किती?"

"तीनशे."

"म्हंजी तीनशे माणसं उतरवली तर एका दिवसात पाणी?"

"पाणी कशाला, आप्पा?" पोपट म्हणाला. "घामानंच भरंल की इहीर!"

सगळे खदखदून हसले. माया रागावली नाही. ती थांबली, आमचं हसणं ओसरू दिलं, आणि म्हणाली, "तीनशे माणसं उतरली की ती इहीर न्हाई ऱ्हात, जत्रा व्हती. आमचं सर म्हंत्यात, बाकी समदं तेच असलं तरच के टिकतो. काय बी बदललं की के नव्यानं काढायचा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. मला नीट आठवतं. भाकरीचा तुकडा हातात होता आणि मी ऐकलं होतं.

मग ती बापाकडं वळली. "आबा, तुमचा के किती?"

खंडूनं काय समजायचं ते समजून मान हलवली. पण मुलीनं सोडलं नाही. माझ्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं. खंडूचा वाती आणि वातीच्या टोकाला बसवायच्या केपा ठेवायचा पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणावर त्याला वीत ठेवायला लावली आणि अंगठ्याच्या टोकाशी एक, करंगळीच्या टोकाशी एक, असे दोन खिळ्याचे ओरखडे ओढले. मग त्या मापानं एक वीत जाळली, दोन विता जाळल्या, तीन जाळल्या. चोवीस सेकंद, अठ्ठेचाळीस, बहात्तर.

"चोवीस," ती म्हणाली. "तुमचा के चोवीस."

"माझ्या मोजणीनं पंचवीस भरतं," खंडू म्हणाला.

"मंग तुमचं बी बरुबर हाय, आबा. एकच चुकतंय."

खंडू हसला. दात दिसतील असा तो हसताना मी पहिल्यांदा पाहिला. पुढच्या रविवारी मायानं ऑइलपेंट आणून झाकणावर आडव्या-उभ्या रेघा मारून कोष्टक रंगवलं. एक वीत चोवीस, दोन अठ्ठेचाळीस, असं दहापर्यंत. खंडूला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. कामावर नवं माणूस आलं की तो काही न बोलता डब्याचं झाकण त्याच्यापुढं करायचा. लग्नाचा फोटो दाखवावा तसा.

आणि तरीही नव्या वेटोळ्याची पहिली वीत तो जाळतच राहिला. चोवीस. चोवीस. एकदा पंचवीस. वर्षभरात अकरा वेटोळी झाली. शिरूरच्या एकाच दुकानातला माल, त्यामुळं आकडा हलत नव्हता.

नव्याण्णवच्या जानेवारीत हौसरावाची विहीर पंचेचाळीस फुटांवर होती. शिरूरच्या दुकानात वात संपली. आठ दिवस लागतील म्हणाले. हौसराव रोज सकाळी काठावर येऊन उभा राहायचा. शेजारच्या रानात दुसऱ्या मुकादमाची विहीर चालू होती आणि पाणी आधी कुणाला लागतं ह्यावर दोघा मालकांची पैज होती. चहाबद्दल मी त्याच्या नावावर जे लिहिलंय ते सोडा, पण टोमण्यात तो हात आखडत नसे.

"आप्पा, तुमची माणसं इहिरीत बसायला येत्यात का? न्हाई, सावली चांगली हाय खाली."

तिसऱ्या दिवशी मी एम-एटी काढली आणि यवतच्या पलीकडं एका खाणीवर गेलो. तिथला माणूस ओळखीचा होता. त्यानं पावती न करता एक वेटोळं दिलं. आमची नेहमीची वात काळी असायची. ही हिरवट होती, आणि हाताला जरा मऊ.

खंडूनं ती दोन्ही हातांनी फिरवून पाहिली.

"आप्पा, ह्ये येगळं दिसतंय."

"वात ती वात. रंगाला काय करायचंय?"

पाच भोकं ठासून तयार होती. हौसराव काठावर, पोपट यारीजवळ, इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं. खंडूनं पहिली वीत कापली, कातळावर ठेवली आणि खिशातून काडेपेटी काढली.

तेव्हा मी म्हणालो, "आरं, के काढलाय की पोरीनं. झाकणावर रंगवून ठिवलाय. एकदा काढला तो काढला. परत परत काय काढत बसतोस? का पोरीवर भरवसा न्हाई?"

हौसराव हसला. पोपट तर हसायला निमित्तच शोधत असायचा. खंडूचा चेहरा मी पाहत होतो. मला वाटलं होतं तो चिडेल. तो लाजला. मुलीचं कौतुक कुणी चारचौघांत केलं की बाप लाजतो, तसा. त्यानं काडेपेटी परत खिशात घातली आणि कापलेली वीत वेटोळ्याच्या पोटात खोचून ठेवली. झाकण समोर धरून बोटानं आकडा शोधला. सात विता. सात विता म्हणजे एकशे अडुसष्ट सेकंद. त्यानं पाचही वाती सात सात वितांच्या कापल्या आणि खाली उतरला.

पहिला सुरुंग उडाला तेव्हा बादली काठापासून दोन हात खाली होती. पोपट ओढतच होता. बादली वर आली. त्यापुढचं मी लिहीत नाही. खंडूला दवाखान्यात न्यायला हौसरावाचा ट्रॅक्टर जोडला होता, पण न्यायची गरज नव्हती.

पंचनाम्याला हवालदार आले. त्यांनी विचारलं, वात कशी मोजली?

"झाकणावरचं बघून," मी म्हणालो. "सात विता कापल्या."

"हे कुणी लिहिलं?"

"पोरीनं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त मधली एक ओळ मी मांडली नाही. हवालदारांनी वातीचा नमुना मागितला तेव्हा मी घरातून काळ्या वातीचा उरलेला तुकडा आणून दिला. हिरवं वेटोळं पेंडीच्या पोत्यांमागं टाकलं. तो मात्र खोटेपणाच होता, शब्द न वापरता केलेला. कागदावर आलं : मयताचा अंदाज चुकल्याने अपघात.

गावाला कागद लागत नाही. गिरणीवर गिताबाईंनी सुपातलं दळण ओतता ओतता जे म्हटलं ते तिसऱ्या दिवशी सगळ्या केंदूरच्या तोंडी होतं. "पोरीच्या गणितानं बाप खाल्ला." कुणी जोड दिली, पोरींना लई शिकवलं की असं व्हतं. कुणी म्हणालं, त्यांच्यात आजकाल फारच शिक्षणाचं खूळ. मी गिरणीवर होतो. माझा नंबर यायचा होता. मी पिशवीची दोरी सोडत उभा राहिलो.

माया दहावीला होती. तेराव्यापर्यंत कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यात तेरावा नसतो, पण गाव तेवढे दिवस मोजतं. त्यानंतरही ती शाळेत गेली नाही. आईबरोबर कांदे काढायला जायला लागली.

मार्चच्या सुरुवातीला धम्मदीप सर माझ्या दारात आले. गणिताचे मास्तर, दौंडचे, तिशीच्या आतले, शर्टाच्या खिशाला नेहमी निळ्या शाईचा डाग. मायाचे ते 'आमचे सर'. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"आप्पा, तिचं हॉलतिकीट खिशात घेऊन हिंडतोय मी. मराठी, हिंदीला बसेन म्हणते. बीजगणिताला बसणार नाही म्हणते."

"का?"

"आकडा मांडला की आबा दिसतात, म्हणते. तिला वाटतं तिचा के चुकला." सरांनी कपाळ पुसलं. "आप्पा, एका पेपराचा प्रश्न असता तर मी आलो नसतो. ही मुलगी ह्यावेळी बसली नाही तर पुन्हा बसायची नाही. तिचे मामा स्थळ बघायला लागलेत. वर्षभर अकरा वेटोळी तिच्या कोष्टकावरून कापली, एकदाही चूक झाली नाही. त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल, तर ते तुम्हालाच ठाऊक असणार. तिला सांगा. चार दिवस आहेत."

ते संशयानं बोलत नव्हते. संशयानं बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

चारातले तीन दिवस मी घालवले. पेंडीच्या पोत्यांपर्यंत जायचो आणि परत यायचो. वेटोळं हातात घेऊन एक वीत जाळून बघायला काय लागतं? काडी आणि घड्याळ. दोन्ही माझ्याकडं होतं. पण मोजलं नाही तोवर आपल्याला ठाऊक नाही असं म्हणता येतं. मी आयुष्यभर लोकांचं माप काढलं आणि स्वतःचं टाळलं, ते हे मला चांगलं समजत होतं म्हणूनच.

चौथ्या दिवशी दुपारी वेटोळं पिशवीत घालून त्यांच्या वस्तीत गेलो. पार्वतीबाई, खंडूची बायको, अंगणात चाळणीनं ज्वारी चाळत होती. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बाजूला खंडूचा नवा, हार घातलेला. त्याच्याखाली डब्याचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. कोष्टकाची बाजू भिंतीकडं.

"बसा, आप्पा," पार्वतीबाई म्हणाली. चाळणी थांबली नाही.

माया दाराशी आली. मी पिशवीतून वेटोळं काढून पायरीवर ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवशी ही वात व्हती."

तिनं वाकून वेटोळ्याचं टोक उजेडाला धरलं. मग म्हणाली, "ही काळी न्हाई."

"न्हाई."

"पंचनाम्याला काळी व्हती."

"मी दिली. घरातली."

ती आत गेली आणि झाकण घेऊन आली. माझ्याकडं हात पुढं केला. मी मनगटावरचं घड्याळ सोडून दिलं, वर्षापूर्वी दिलं होतं तसंच. तिनं वेटोळ्याचं टोक झाकणावरच्या दोन ओरखड्यांवर ताणून धरलं, बापाच्या वितीइतकं मोजलं, कापलं, अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवून काडी लावली. ओठ हलवत नव्हती. काट्याकडं बघत होती. दोन विता. तीन विता.

चौदा. अठ्ठावीस. बेचाळीस.

"चौदा," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, फळ्यासमोर उत्तर द्यावं तसा आवाज. "सात चोक अठ्ठावीस... सात चौदा अठ्ठ्याण्णव. आबांना किती लागायचे?"

"पाच वाती पेटवायला चाळीस. वर यायला साठ."

"शंभर."

पुढचं तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. पार्वतीबाईची चाळणी मात्र थांबली. तिला शाळा नव्हती, पण अठ्ठ्याण्णव आणि शंभर तिलाही कळत होते.

"म्हंजी तुजा के चुकला न्हवता," मी घाईघाईनं म्हणालो. हेच सांगायला आलो होतो आणि हे सांगून झालं की उठायचं होतं. "वात बदलली. ती मी आणली. तुजं काय बी चुकलं न्हाई."

"माझा के चुकला न्हाई हे मला ठाऊक व्हतं, आप्पा."

उठायला निघालेलो मी परत पायरीवर टेकलो.

"अकरा येळा मोजलेला के कसा चुकंल? काहीतरी बदललं असणार हे मला त्याच दिवशी कळलं. पण बदललं की नवा काढायचा, हे मी आबांना सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलं, पोपटमामाला सांगितलं, हसण्यावारी. झाकणावर कोष्टक रंगवलं. खाली ती एक ओळ लिवली न्हाई. लिवली असती तरी त्यांना वाचता येत न्हवतं. तोंडानं सांगायला पायजे व्हतं. आबा वीत जाळायचे, ते मला वाटायचं जुनी सवय हाय. त्यांनी माझ्या कोष्टकावर भरवसा ठिवला आन् जाळायची सोडली. हे माझंच हाय."

बोलता बोलता ती वेटोळं उचलून गुंडाळत होती. त्याच्या पोटात तिची बोटं अडली. खोचलेला तुकडा तिनं बाहेर काढला. दोन्ही टोकं पात्यानं सरळ कापलेली. झाकणावरच्या ओरखड्यांना लावून पाहिला. बरोबर एक वीत.

"ही कुणी कापली?"

इथं मला उठून जाता आलं असतं. खाणीवाल्यानं कापली, ठाऊक न्हाई, काहीही म्हणता आलं असतं.

"तुज्या आबांनी."

"मग जाळली का न्हाई?"

"जाळणार व्हता. काडेपेटी हातात व्हती. मी नको म्हणलो."

"काय म्हणला?"

"माया, जाऊ दे—"

"काय म्हणला, आप्पा? शब्द सांगा."

मी शब्द सांगितले. पोरीनं के काढलाय. एकदा काढला तो काढला. का पोरीवर भरवसा न्हाई. ते पुन्हा उच्चारताना लक्षात आलं की पहिली दोन वाक्यं मूर्खपणाची होती आणि तिसरं हुशारीचं. तिसऱ्यानंच काम केलं होतं.

माया रडली नाही. तो तुकडा तिनं मुठीत धरला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या खांद्यांचा ताण सुटल्यासारखा मला वाटला. मला वाटला म्हणतो. अशा वेळी माझ्या मोजण्यावर किती विसंबावं, ते तुम्ही ठरवा.

"आबा जाळणार व्हते," ती आईला म्हणाली. "आई, ऐकलंस का? ते जाळणार व्हते."

पार्वतीबाई उठली, पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. ह्या बाईला मी वीस वर्षं ओळखत होतो. माझ्याशी कधी मान वर करून बोललेली नव्हती.

"आप्पा, गावानं हे माझ्या लेकीच्या नावावर लिवलंय. तुमी लिवू दिलंत. आता तुमच्याच तोंडानं खोडा. हितं नगं. पारावर."

"सांगतो."

मायानं झाकण मांडीवर घेतलं होतं. खिळ्यानं, चोवीसच्या कोष्टकाखाली, कोरत होती : हिरवी वात, चौदा. खाली आणखी एक ओळ. मी वाकून वाचायला गेलो तर तिनं घड्याळ माझ्या हातात दिलं.

"घ्या तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गेलो. आठ-दहा जण होते. हौसराव होता, पोपट होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. यवतकडून आणलेली हिरवी वात, पहिली वीत, माझे शब्द, पंचनाम्याला दिलेला खोटा तुकडा. काही गाळलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी पूर्ण हिशेब मांडला.

मग हौसरावानं मान हलवली.

"आप्पा, तुमचं काळीज लई मोठं हाय."

"आरं, काळजाचं न्हाई, खरं सांगतोय—"

"आज पोरीचा पेपर हाय म्हणून सगळं आपल्या अंगावर घेताय. कळत न्हाई व्हय आमाला? असा मुकादम मिळायला नशीब लागतं गड्या."

"हौसराव, तुमी काठावर उभं व्हता! तुमी हसला व्हता!"

"मी पैजंच्या नादात व्हतो. मला काय ध्यानात न्हाई बाबा."

मी पोपटाकडं वळलो. "पोपट, तू सांग. तू ऐकलंस."

"मी यारीवर व्हतो, आप्पा," पोपट जमिनीकडं बघत म्हणाला. "इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येतंय?"

इंजिन सुरू नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं. पण बादली त्यानंच ओढली होती, आणि रोज झोपायच्या आधी त्यालाही कुठलं तरी एक उत्तर लागत असणार. दीड माणसाचं बोलणारा तो, त्या सकाळी पाव माणसाचं बोलला आणि चहाला गेला.

मी हवालदारांकडंही गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली. "प्रकरण मिटलंय, आप्पा. उगाच कशाला उघडताय? तुमच्यासारख्या माणसानं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्यासारख्या माणसानं म्हणजे काय, ते त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. माझी वीस एकर, माझा चुलता सोसायटीत. खंडूच्या घरच्यानं हेच सांगितलं असतं तर त्याला खुर्ची मिळाली नसती, चौकशी मिळाली असती.

आठवड्यानं गिरणीवर गिताबाई म्हणत होत्या, "पोरीनं बाप खाल्ला, आन् आप्पा बिचारे तिच्यासाठी पोलिसात जाऊन आले. देवमाणूस."

माया पेपराला बसली. जूनमध्ये निकाल लागला. बीजगणितात पंचाहत्तरपैकी एकोणसत्तर. सरांनी येऊन सांगितलं. ह्यावेळी बसले, चहाही घेतला. अकरावीला ती दौंडला चुलत्याकडं, विनोदकडं, निघाली. ज्या सकाळी निघाली त्या सकाळी मी एसटीच्या थांब्यावर गेलो. पार्वतीबाई बोचक्यावर बसली होती. झाकण एका जुन्या ओढणीत गुंडाळून मायाच्या काखेत होतं.

"सांगितलं?" मायानं विचारलं.

"सांगितलं. कुणी मानलं न्हाई."

"मग परत सांगा."

"किती येळा?"

तिनं काखेतलं झाकण सावरलं. गाडी आली होती.

तेव्हापासून मी सांगतोय. लग्नात सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगात सांगितलं, शेजारच्या गावात कामावर सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर खुणा करत गेलो. दर खुणेमागं माझी पत चढते. लोक पाया पडायचे तेवढे राहिलेत. आणि मायाचं नाव निघालं की अजूनही तेच वाक्य, गिताबाईंचं, जसंच्या तसं. हे समचलन मी इतक्या वेळा मोजलं आहे की आता के काढायला वही लागत नाही.

नवा सुरुंगवाला पाबळकडचा आहे. मी त्याला पहिल्या दिवशीच रीत सांगितली, आणि तो पाळतो. नवं वेटोळं आलं की पहिली वीत कापून कातळावर ठेवतो, काडी लावतो. गडी चपला काढून उभे राहतात, कुणी हात जोडतं. "खंडूआबाला निवद," पोपट नव्या माणसांना समजावून सांगतो.

वीत जळून संपेस्तोवर मी घड्याळ बघतो. "तेवीस," मी म्हणतो.

"तेवीस काय, आप्पा?" गडी विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता चपला घालतात.